दुर्बीण चालवणारे हात जिल्ह्यातच घडवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डॉक्टरांच्या सुपरस्पेशालिटी शिक्षणाच्या जागा वाढवाव्यात, अशी मागणी अधूनमधून आपल्या पानांवर वाचतो. मागणी रास्त आहे. पण पोटाच्या आणि लिव्हरच्या आजारांपुरतं बोलायचं, तर नुसत्या जागा वाढवून आमच्या भागातल्या पेशंटच्या पदरात फारसं काही पडणार नाही. मी एमडी मेडिसिन आहे, पूर्व विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी 22 वर्षं प्रॅक्टिस करतो. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री चाळिशीच्या आतला एक माणूस माझ्याकडे आणला. रक्ताची पहिली उलटी झाली तेव्हा तो गावी होता. नाल्याचं पाणी उतरायची वाट बघून, जीप बदलून पोचेपर्यंत सहा तास गेले होते. बायकोने जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, सोबत आणला होता, त्यात रक्ताच्या काळपट गाठी. डॉक्टरला दाखवायला म्हणून तिने तो वाटेत सांडू दिला नव्हता. पोटात पाणी, डोळे पिवळे. निदानाला वेळ लागला नाही. लिव्हर कडक झालं की त्यातून रक्ताला वाट मिळत नाही, ते अन्ननलिकेच्या शिरांत तुंबतं, शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात.

सलाइन, रक्ताची बाटली, शिरांतला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिनचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, सगळं लागलं. पण फुटलेली शीर बंद करायची तर दुर्बीणच, म्हणजे तोंडातून घालायचा एंडोस्कोप, लागते, आणि तीही पेशंट पोचल्यापासून बारा तासांच्या आत. स्कोपच्या टोकाला टोपण असतं, त्यावर रबराचे बँड चढवलेले असतात. शीर टोपणात ओढून घ्यायची, पडदा पूर्ण लाल झाला की वरचं चक्र फिरवायचं, बँड शिरेच्या बुडाशी बसतो. हे मला तोंडपाठ आहे. एमडीला असताना सरांच्या शेजारी उभा राहून मी ते पाहिलंही आहे. माझ्या हाताने एकदाही केलेलं नाही.

“साहेब, तुम्हीच टाका ना दुर्बीण,” बायको म्हणाली. त्या रात्री जवळपास दुर्बीण टाकणारं कुणीच नव्हतं. नागपूर 170 किलोमीटर. अॅम्ब्युलन्समध्ये मी सोबत गेलो. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर मागे पडलं आणि उमरेडच्या अलीकडे तो गेला. गंज अजून तिच्या मांडीवरच होता.

आता दुर्बीण टाकणारा हा डॉक्टर घडतो कसा, ते वाचकांना सांगायला हवं. एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं, एमडी तीन वर्षं, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन डीएम गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी, म्हणजे पोट-लिव्हरच्या आजारांची सुपरस्पेशालिटी पदवी, आणखी तीन. मध्ये एकही वर्ष वाया गेलं नाही तरी साडेअकरा वर्षं होतात. आमच्या पिढीला डीएम गॅस्ट्रो म्हटलं की केईएम, सायन, नायर, जेजे आठवतात, म्हणजे मुंबई. दिल्ली, चंदीगडला तर हेपॅटोलॉजीचं, म्हणजे निव्वळ लिव्हरचं वेगळं डीएम आहे. तिथे तयार होणारी मुलं हुशार असतात, अफाट कष्ट करतात. पण ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताच्या नळीतला अडथळा काढणं, शिकलेल्या मुलाला ईआरसीपीची टेबल, सी-आर्म हे एक्स-रे मशीन, भूल देणारा डॉक्टर आणि स्कोप धुणारा तरबेज टेक्निशियन लागतो. हे सगळं जिथे आहे तिथेच तो राहणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि कामाची तर इथे वाण नाही. आमच्याकडे सिकलसेल घरोघरी आहे. या मुलांच्या लाल पेशी सतत फुटतात, त्यामुळे अगदी कोवळ्या वयात पित्ताशयात खडे होतात. एखादा खडा नळीत उतरून अडकला की ईआरसीपी हवी. उंदीर मारायची पिवळी पेस्ट खाऊन आलेली तरुण मुलं-मुली मी दरवर्षी बघतो. त्यातला फॉस्फरस पहिले एक-दोन दिवस गप्प असतो, पेशंट बसून चहा पितो, नातेवाईक घरी न्यायचं म्हणतात आणि मग लिव्हर कोसळतं. त्याला उतारा नाही. त्या फसव्या दोन दिवसांत पेशंटला मोठ्या केंद्राकडे रवाना करण्याचं भान ज्याला दिलं गेलं आहे, असा डॉक्टर मात्र तालुक्याला असू शकतो.

ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. पंजाबने 2016 मध्ये हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या विषाणू-आजाराची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली तेव्हा पेशंटला चंदीगडला बोलावलं नाही. तिथल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या हेपॅटोलॉजी विभागाने 22 जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या एमडी डॉक्टरांना शिकवलं, नंतरही व्हिडिओवरून त्यांच्या केसेस ऐकून घेतल्या, अडलं तिथे हात दिला. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेशंट बरे झाले. दोन वर्षांनी, 28 जुलै 2018 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यातही जिल्ह्यात उपचार हाच कणा आहे. गोळ्यांचं जे जमलं, ते बँडिंगचं का जमू नये? बँडिंग हाताचं कसब आहे, व्हिडिओवर शिकता येत नाही, हे मान्य. म्हणून तर जिल्ह्यातल्या डॉक्टरला शिकायला विभागात नेऊन बसवावं लागेल.

माझं मागणं एवढंच आहे. जिल्ह्यातल्या एमडी फिजिशियन आणि सर्जनसाठी मेडिकल कॉलेजच्या गॅस्ट्रो विभागात सहा महिन्यांचं पगारी प्रशिक्षण असावं, फक्त रक्तस्रावाच्या एंडोस्कोपीचं. ईआरसीपी नको, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीतून सोनोग्राफी, नको. दुर्बीण घालणं, बँड बसवणं, अल्सरच्या रक्तस्रावात इंजेक्शन आणि क्लिप, आणि कुठे थांबून पेशंट पुढे पाठवायचा ते. डॉक्टरासोबत एक नर्स आणि एक टेक्निशियनही शिकून यावेत, कारण स्कोप नीट धुतला गेला नाही तर एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला जातो.

दुसरी बाजू डीएमच्या मुलांची. 2020 पासून एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढण्याचा नियम आहे. तोच डीएमच्या शेवटच्या वर्षाला लावावा. तीन महिन्यांनी एक जाईल, दुसरा येईल, स्कोप बंद पडून कपाटात जाणार नाही. केंद्राच्या योजनेतून लातूर, अकोला, यवतमाळला सुपरस्पेशालिटीच्या इमारती झाल्या आहेत. या येण्याजाण्याचं केंद्र तिथे करता येईल.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे: सहा महिन्यांत अर्धवट शिकलेले डॉक्टर तयार होतील. आक्षेप घेणाऱ्यांत माझे काही गुरुजनही आहेत, त्यांच्या काळजीचा मी आदर करतो. पण त्यांच्या विभागात येणारे पेशंट हे जिवंत पोचलेले पेशंट असतात. न पोचलेल्यांची नोंद आमच्या अॅम्ब्युलन्सच्या वहीत होते.

माझं वय 51 आहे. अशा प्रशिक्षणाची जाहिरात निघाली, तर ओपीडी सहा महिने बंद ठेवून मी पहिल्या बॅचला अर्ज करीन.

आपला,
एक फिजिशियन, पूर्व विदर्भ