खेळाडूला तिकीट देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचे वारे वाहू लागले की जळगाव-धुळ्याकडे खेळाडूंना तिकीट देण्याची चर्चा निघते आणि फुटबॉलपटू असून लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वेआ यांचा दाखला दिला जातो. दाखला द्यावा, पण पूर्ण द्यावा.

फुटबॉलमधल्या ‘बॅलन डी’ओर’ या मानाच्या पुरस्काराचे १९९५ चे विजेते वेआ २००५ मध्ये पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. पहिल्या फेरीत २८ टक्के मते घेऊन ते सर्वांच्या पुढे होते. आपल्याकडची पद्धत असती तर गुलाल तिथेच उधळला असता. तिकडे मात्र निम्म्याहून जास्त मते लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. त्यात एलेन जॉन्सन सर्लीफ ५९ टक्क्यांवर गेल्या आणि वेआ पडले. शिक्षण नाही, कारभाराचा अनुभव नाही, हे आक्षेप भोवले. मग त्यांनी पदवी घेतली, २०११ मध्ये उपाध्यक्षपदाची लढत हरले, २०१४ मध्ये सिनेटर झाले आणि २०१७ मध्ये जिंकले. बारा वर्षे लागली! तेव्हाही निंबा काउंटीतले वजनदार नेते प्रिन्स जॉन्सन यांचा पाठिंबा मोलाचा ठरला. २०२३ मध्ये तेच जॉन्सन प्रतिस्पर्धी जोसेफ बोआकाय यांच्या बाजूला गेले, महागाईने लोक वैतागलेले होतेच. पहिल्या फेरीत निसटती आघाडी असूनही वेआ दुसऱ्या फेरीत जेमतेम वीस हजार मतांनी हरले.

आपल्याकडेही हेच दिसते. भायचुंग भुतिया यांच्यासारखा फुटबॉलचा लाडका कर्णधार २०१४ मध्ये तृणमूल काँग्रेसकडून दार्जिलिंगमध्ये हरला, कारण डोंगरातली गोरखा जनमुक्ती मोर्चाची ताकद भाजपमागे होती. २०१६ मध्ये सिलिगुडीतही तो हरला. त्याच पक्षाचे प्रसून बॅनर्जी, तेही भारताचे माजी कर्णधार, हावड्यातून २०१३ पासून सातत्याने निवडून येत आहेत, कारण तिथे पक्षाची बूथपर्यंतची बांधणी पक्की आहे.

मुंबई सोडली तर महापालिकेत प्रभाग साधारण चार-चार जणांचा असतो. पॅनेलमधले बाकीचे तिघे कमकुवत असतील तर एकट्या खेळाडूच्या नावावर प्रभाग निघत नाही. म्हणून पक्षांनी ऐनवेळी हार घालून खेळाडूला फिरवू नये. निदान वर्षभर आधी मतदारयाद्या त्याच्या हाती द्याव्यात, पाणी-गटारींच्या तक्रारी घेऊन त्याला प्रभाग समितीच्या कार्यालयात पाठवावे. मैदानासाठी निधी अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली मागायचा, हे त्याला निवडून येण्याआधी ठाऊक असले पाहिजे.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, भुसावळ