लस कोणत्या मलेरियाची, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांतून मलेरियाची डीएनए लस देण्याच्या संशोधनावरचे आपल्या अंकातले टिपण वाचले. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर तोच विषय निघाला. ‘अंगात प्लॅस्टिक, वर परका डीएनए, हे कशाला?’ असे दोघीतिघींनी विचारले. मी ३१ वर्षे मलेरिया विभागात रक्ताच्या स्लाइड तपासल्या आहेत. मला गप्प बसवेना.

या कणांसाठी बहुधा पीएलजीए नावाचे द्रव्य वापरतात. शस्त्रक्रियेनंतर जे टाके काढावे लागत नाहीत, त्यांचा धागा याच जातीचा असतो. शरीरातल्या पाण्याने ते हळूहळू सुटते आणि लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ल उरते. लॅक्टिक आम्ल तर भरभर जिना चढलो तरी आपल्या स्नायूंत तयार होते. आणि कण केवढा? तांबडी पेशी साधारण ७ मायक्रॉनची. २०० नॅनोमीटरचे ३५ कण तिच्या रुंदीत ओळीने बसतील. माझ्या ऑइल इमर्शनच्या भिंगालाही तो धड दिसला नसता.

लशीतला डीएनए म्हणजे परजीवीच्या एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेले छोटे कडे. आपली पेशी ती वाचून प्रथिन बनवते, आणि मग प्रतिपिंडांबरोबरच (अँटीबॉडीज), आजारी पेशी मारणाऱ्या टी-पेशीही तयार होऊ शकतात. मलेरियात याला फार मोल आहे, कारण डास चावल्यावर परजीवी आधी यकृताच्या पेशींत दडतो आणि प्रतिपिंडांचा हात तिथे पोहोचत नाही. १९९८ साली अमेरिकेत २० निरोगी स्वयंसेवकांना अशी लस टोचल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मारक टी-पेशी दिसल्या, पण प्रतिपिंडे आली नाहीत. नुसता टोचलेला डीएनए बराचसा वाटेतच तुटतो. कण त्याला आवरण देतो, शिवाय शरीरातल्या पहारेकरी पेशी एवढ्या आकाराची वस्तू जंतूसारखी गिळतात.

अडचणीही आहेत. कण घडवताना डीएनए तुटतो, कणाच्या आत साचणारे आम्लही त्याला खाते. म्हणून काहीजण तो धनभारित पॉलिमरच्या साहाय्याने बाहेरून चिकटवतात, तर त्यांतले काही पॉलिमर पेशींनाच बाधतात. अशा कणांतून दिलेल्या मलेरियाच्या लशीचे यश बहुतेक उंदरांवरचे आहे आणि उंदरांचा मलेरिया वेगळ्या परजीवीचा असतो. तेव्हा भीती नको, पण ‘लस आली’ असेही कोणी समजू नये.

मला खरे सांगायचे आहे ते पुढेच. आरटीएस,एस आणि पुण्यात बनणारी आर२१ या जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन्ही लशी फॅल्सिपॅरम या जातीच्या मलेरिया-परजीवीवरच्या, आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या बालकांसाठी आहेत. बडोद्यात माझ्या स्लाइडवर सर्वांत जास्त दिसला तो व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा परजीवी. त्यावर मान्यताप्राप्त लस अजून एकही नाही. हा यकृतात झोपून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. विश्वामित्रीच्या काठच्या एका मुलाची स्लाइड मी वर्षभरात तीनदा पॉझिटिव्ह पाहिली. त्याची आई म्हणायची, ‘ताव तो उतरी गयो, हवे गोळी शा माटे?’ (ताप तर उतरला, आता गोळी कशाला?) तिला दोष कसा द्यायचा? दिवसभर मजुरी करणाऱ्या बाईने बऱ्या दिसणाऱ्या पोराला १४ दिवस कडू गोळी भरवायची! गरोदर बायका, तान्ही बाळे आणि जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारे विकर) कमी असलेली माणसे यांना तर हे औषध असे सरसकट देताच येत नाही. यकृतातच गाठणारी लस हवी आहे ती यांच्यासाठी.

माणसांसाठी परवानगी मिळालेली जगातली पहिली डीएनए लस, कोविडवरची झायकोव्ह-डी, आपल्या शेजारच्या अहमदाबादेत बनली. परवानगीची तारीख २० ऑगस्ट २०२१. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, तोही २० ऑगस्टलाच, १८९७ साली. ते कसब इतके जवळ असताना आणि आपल्या विद्यापीठात फार्मसीचे शिक्षण असताना व्हायव्हॅक्सचे काम इथे का होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे एकच मागणी आहे. मलेरियाच्या लशीची बातमी देताना ती फॅल्सिपॅरमवरची की व्हायव्हॅक्सवरची, आणि चाचणी माणसांवर झाली की उंदरांवर, एवढे दर वेळी जरूर छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, बडोदे