संपाची नोटीस आणि पहिली बैठक यांच्यामधले दिवस

माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,

सादर नमस्कार.

संपाची नोटीस दिली की कामगार कार्यालय आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारते, तारीख घालते. ती पोच घडी करून खिशात ठेवण्यात माझी बरीच वर्षे गेली. निदान सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत त्या शिक्क्याला वजन होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २० प्रमाणे समेट अधिकाऱ्याला (मालक-कामगारांचा वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) नोटीस मिळाली त्याच तारखेला समेटाची कार्यवाही सुरू झाली, असे धरत. एकदा ती सुरू झाली की वादाशी संबंधित कारणावरून कुणाला काढायचे तर मालकाला कलम ३३ खाली आधी लेखी परवानगी घ्यावी लागे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हे संरक्षण कलम ९० मध्ये आहे. कलम ५४ मध्ये मात्र सुरुवात बदलली. आता कार्यवाही सुरू होते ती अधिकारी पहिली बैठक घेतील त्या दिवशी.

नोटीस आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत सक्तीची आहे आणि ती दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही. केलाच तर तो बेकायदा: कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे बंदी नोटीस देताच लागू, आणि संरक्षण अधिकाऱ्याला सवड होईल तेव्हा.

यंदाच पाहिलेले सांगतो. नोटिशीवर सहा सह्या होत्या. पहिली बैठक नवव्या दिवशी लागली. तोवर दोघांच्या घरी कामावरून काढल्याची पत्रे पोचली होती. कारण, उर्मट वर्तन. त्यातल्या एकाची नोकरी सतरा वर्षांची. इतकी वर्षे सरळ असलेला माणूस उर्मट झाला तो नेमका सही केल्यावर दोन दिवसांनी!

मालकाच्या अशा वागण्याविरुद्ध अनुचित कामगार प्रथेची तक्रार करता येते, मान्य. पण ती काढून टाकल्यानंतरची लढाई, आणि तोवर घरात पगार नाही. संघटनेच्या ज्या मोजक्या पदाधिकाऱ्यांना कायदा ‘संरक्षित कामगार’ म्हणतो, त्यांचे खास संरक्षणही कार्यवाही सुरू असेल तेवढ्यापुरतेच.

मागणी एवढीच: कलम ५४ मध्ये ‘पहिली बैठक’ काढून ‘नोटीस मिळाल्याची तारीख’ परत आणा. दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर तोवर नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिली बैठक घ्या, असे परिपत्रक समेट अधिकाऱ्यांना काढा. कार्यवाही लवकर सुरू झाली की ती चालू असतानाची वेगळी संपबंदीही लवकर सुरू होते, हे आम्हाला कळते. पण ते १४ दिवस आम्ही तसेही गेटच्या आतच असतो.

त्या दोघांच्या तक्रारी दाखल झाल्या आहेत. तारीख अजून पडलेली नाही.

आपला,
एक कामगार कार्यकर्ता