टस्कीगीच्या मॅमना

आदरणीय मॅम,

इंग्रजीत तुम्हाला चार ओळी पाठवल्या, पण त्यांत आई कुठेच आली नाही. म्हणून हे पत्र मराठीत, सगळ्यांसमोर.

आम्ही अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला आलो ते फक्त कार्व्हरसाठी, शेंगदाण्यावरच्या संशोधनाने गाजलेल्या त्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञासाठी. आई साताऱ्याकडची प्राथमिक शिक्षिका. दरवर्षी वर्गाला कार्व्हरची गोष्ट सांगायची. अटलांटाहून निघालो आणि अलाबामात घड्याळ तासभर मागे असतं हेच मी विसरले. कार्व्हर म्युझियम उघडायच्या आधीच दारात हजर! आई पायरीवर टेकली. तुम्ही चौकशी केलीत आणि म्हणालात, "वेळ आहे ना? मग आधी विटा बघा."

त्या तासाचे हे आभार.

टस्कीगीची कृष्णवर्णीयांसाठीची शाळा सुरू झाली 4 जुलै 1881 ला: चर्चजवळच्या खोपटात तीसेक विद्यार्थी, शिकवायला पंचविशीतला बुकर टी. वॉशिंग्टन, आणि सरकारचे वर्षाला 2000 डॉलर, तेही फक्त शिक्षकांच्या पगाराला. एवढं मी वाचलं होतं. पण ही शाळा पदरात पाडून घेण्यात गुलामीतून सुटलेल्या एका पत्रेकाम करणाऱ्याचा, ल्युइस अ‍ॅडम्सचा हात होता, हे तुमच्यामुळे कळलं. विटांच्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टननी घड्याळ गहाण टाकून 15 डॉलर आणले. मग पोरांनीच विटा पाडल्या, पोरांनीच भिंती रचल्या. दिवसा काम, रात्री वर्ग. पुढे आराखड्यांना रॉबर्ट टेलर आले, एमआयटीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. कार्व्हर इथे शिकवायला आले 1896 मध्ये, म्हणजे विटांनंतर. तुमचा क्रम बरोबर होता.

आईने भिंतीवर तळहात टेकला. "अगं, हे तर आपल्या रयतचंच!" तिचे वडील कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'तून शिकलेले. हे तुम्हाला इंग्रजीत सांगताना माझी त्रेधा उडाली. तुम्ही एवढंच विचारलंत, "त्यांनीही विटा पाडल्या?"

"शेतात राबले," आई म्हणाली. तिचं ते मराठी मी भाषांतर करायच्या आधीच तुम्ही मान डोलावलीत. कसं कळलं, देव जाणे.

कार्व्हर आणि वॉशिंग्टन यांच्या शेजारशेजारच्या समाधींपाशी आई बराच वेळ उभी होती. म्युझियम उरकलं अर्ध्या तासात.

निघताना तुम्ही तिच्या हातात पेकानची, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांची, पुरचुंडी ठेवलीत. शेंगदाणे नव्हते म्हणून ती जरा हिरमुसली, खरं सांगते. पण गावी परतल्यावर आळीत घरोघर दोन-दोन दाणे वाटून आली, आणि कुणी काही विचारलं की म्हणते, "कार्व्हरच्या शाळेतल्या बाईंनी दिलेत."

तुमची,
पायरीवरच्या आजींची लेक