काचपेटीतली पाल आणि माझी फवारणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, काचेच्या पेटीत झाडं लावून त्यात गेको ही पाल कशी पाळावी, यावर लेख होता. फोटो सुरेख आहेत. पण ‘हिरवाई टिकवायला दिवसातून चार-पाच वेळा पाणी फवारावं’ हे वाचलं आणि शंकेची पाल चुकचुकली. हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे, म्हणून लिहिते.

मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका. मागच्या वर्षी सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला होते. तिथे अकरा वर्षांच्या नातवाने क्रेस्टेड गेको आणला. अंगावर पाल पडली की पंचांग उघडून फळ बघणाऱ्या घरात मी वाढले. पैसे मोजून पाल घरात आणलेली पाहून दोन दिवस त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. मग एकदा नीट पाहिलं. डोळ्यांवर पापण्यांसारखे काटे, तिथून पाठीवर उतरलेली काट्यांची दुहेरी ओळ. म्हटलं, अरे, ही तर चकली! तेच नाव पडलं.

ही मूळची न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. शास्त्राला १८६६ पासून माहीत, पण पुढे नामशेष झाली असंच धरून चालले होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. झाडावर राहणारी, म्हणून पेटी दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट उंच घेतली, छताला जाळी असलेली. तळाला दोन इंच भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या. त्यावर बारीक जाळी, मग चार इंच कोकोपीट, ऑर्किड लावायला वापरतात ती झाडाची साल आणि थोडा कोळसा, सगळ्यात वर पालापाचोळा. त्या पाचोळ्यात स्प्रिंगटेल नावाचे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे किडे सोडले. शिवाय आपल्याकडे कुंडी उचलली की दिसतात आणि बोट लावताच गोळी होतात, ते करडे किडे. बुरशी आणि विष्ठा खाऊन तेच पेटी साफ ठेवतात. मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि नेचा मी लावला, मुळांना चिकटलेली नर्सरीची खतमाती धुऊन. झाडं रुजेपर्यंत, महिनाभर, चकली शेजारच्या साध्या डब्यात कागदी टॉवेलवर होती. तेवढ्यात डॉक्टरांनी तिची विष्ठा तपासली. लेखात या महिन्याचा उल्लेखच नाही. झाडं लावली त्याच संध्याकाळी प्राणी आत!

आता माझा पराक्रम. घरात सगळे कामाला आणि शाळेला. मी, फवारणीची बाटली आणि ती पेटी. सकाळी एकदा, चहानंतर एकदा, जेवल्यावर एकदा. पानांवर थेंब दिसले की जिवाला बरं वाटे. तीन आठवड्यांत गोळ्यांचा थर पाण्याने भरला आणि वरची माती चिखल झाली. नेचा मुळापासून कुजला, झाकण उघडलं की गटारासारखा वास. चकली दिवसभर वर जाळीजवळ काचेला चिकटून असायची. मी समजत होते, तिला गंमत वाटतेय.

पेटी रिकामी करायची ठरली. तिला बाहेर काढताना नातवाने घाईत धरलं आणि शेपूट तुटून त्याच्या हातात वळवळत राहिलं. मी म्हटलं, रडू नकोस, येईल परत. आपल्या घरच्या पालींचं येतं. या जातीचं येत नाही. हे मला त्याने सांगितलं, रडत रडत.

नवीन पेटीत नियम एकच होता: संध्याकाळी एकदा सणसणीत फवारा, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुकू द्यायचं. रात्री आर्द्रतामापक ८० टक्क्यांपर्यंत चढे, दुपारनंतर ५० वर येई. पेटीला ओल हवी तसं हे सुकणंही हवं, आणि त्यासाठी जाळीतून वारा खेळायला हवा. लेखातल्या फोटोत तर झाकणही काचेचं आहे.

दुसरं, उष्णता. या प्राण्याला २२ ते २६ अंश मानवतं, २८ च्या वर त्रास सुरू होतो. आमच्या सांगलीत एप्रिलमध्ये चाळिशी गाठते. ज्याच्या घरी दिवसरात्र एसी चालणार नाही, त्याने हा फोटो पाहून भुलू नये.

आणि एका वाक्याने मात्र मला राग आला: ‘शेवाळ, दगड घाटातल्या सहलीहून आणता येतील.’ सह्याद्रीच्या त्या ओल्या कड्यांवर निमास्पिस गटातल्या बोटाएवढ्या पाली राहतात. काही जाती एखाद्या डोंगरापलीकडे कुठेच नाहीत. उद्या दगडाबरोबर पालही पिशवीत येईल. शेवाळ नर्सरीत विकत मिळतं.

फवारणीचा आणि झाकणाचा खुलासा लेखकाकडून घेऊन पुढच्याच रविवारी छापावा, ही विनंती. उन्हाळा तोंडावर आहे आणि लेख वाचून कुणीतरी पेटी विकत घेतलीही असेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली