घडांना कागद, आणि तुझ्या हातांना?

ब्रिस्बेन,
१८ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न.

प्रत्येक फोनवर तुझं एकच पालुपद, "तिकडचं एखादं चांगलं क्रीम धाड." मी धाडत नाहीये. का, ते सांगायला लागले की तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. चष्मा लावून निवांत वाच.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. हातांवरचे आणि कानशिलाजवळचे ते तपकिरी ठिपके मला उन्हाचे वाटतात. काकू म्हणतात तशी ती लिव्हरची उष्णता नाही. गंमत म्हणजे इंग्रजीतही त्यांना 'लिव्हर स्पॉट' म्हणतात, म्हणजे गोऱ्यांच्या काकूंनीही हेच निदान केलं असणार! लिव्हरचा काडीचा संबंध नाही. वर्षानुवर्षं ऊन लागलं की कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी जागोजागी जास्त रंग सोडायला लागतात, एवढंच. तेव्हा तो कडू काढा बंद कर. दोन्ही गालांवरची झाक मात्र वांग असावी, आणि ते प्रकरण वेगळं. त्याला उन्हाबरोबर हार्मोन्सही कारण असतात, आणि ते भारी चिवट असतं.

आता ती ट्यूब. "मेडिकलवाल्याने दिली, आठ दिवसांत चेहरा उजळला," म्हणालीस. उजळणारच. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे. वांगासाठी डॉक्टर असं मलम देतात, पण ठरावीक आठवडे आणि लक्ष ठेवून. आपल्या मनाने महिनोन्महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, गाल लाल होतात, तोंडावर लव वाढते, आणि थांबवलं की डाग दुप्पट जोमाने परत येतात. तू दिवाळीपासून लावते आहेस, आई! वहिनीला घेऊन या आठवड्यातच स्किनच्या डॉक्टरांकडे जा. ट्यूब पर्समध्ये टाकून ने, लपवू नकोस. आणि लिंबू चोळून उन्हात तर मुळीच जाऊ नकोस. कातडीवर लिंबाचा रस असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि मागे काळे चट्टे राहतात.

लेसरचं विचारलंस. मी इथे स्वतःचा हात दाखवायला गेले होते, तेव्हा मीही तेच विचारलं. (हो, मलाही डाग आलेत, उजव्या हाताला जास्त. गाडी चालवताना खिडकीकडे तोच हात असतो. काच पोळणारे किरण अडवते, पण डाग पाडणारे बरेचसे आत येतात. बाबांचा उजवा हात बघ, पिकअप चालवून चालवून कसा झालाय.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेसरने ठिपके जातात, पण आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी आणखी काळा किंवा उलट पांढरा डाग राहू शकतो. म्हणून आधी छोट्याशा जागेवर करून बघतात. मलमाने फिके व्हायला महिने लागतात. आणि काहीही करा, उघड्या हाताने उन्हात गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथे शाळेत नियमच आहे, टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही. हवामानाच्या बातम्यांत यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, आकडा सांगतात, तो ३ झाला की अंग झाका म्हणतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो ११च्या पुढे जातो, आणि तू त्याच वेळी खरड छाटणीला मजुरांवर लक्ष ठेवायला मखमलाबादच्या द्राक्षबागेत उभी असतेस.

तिथेच मला तुझं नवल वाटतं. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून बाबा आत्ता एकेका घडाला वर्तमानपत्र गुंडाळत असतील. थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, येणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्या-तोंडाला फडकं बांधतात. वहिनी स्कूटीवर सनकोट घालते. उघड्या हाताने फिरतेस ती तू एकटी, कारण शर्ट घातला तर मालकीण दिसणार नाहीस!

पुढच्या आठवड्यात ऑफिसमधली एक मुलगी नाशिकला येतेय. तिच्याबरोबर मोठ्या काठाची टोपी आणि सनस्क्रीन पाठवते. एसपीएफ ५० आहे, पण नखावर घेऊन टिकलीसारखं लावू नकोस. चेहरा-मानेला मिळून एक चहाचा चमचा, प्रत्येक हाताला एकेक, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी. दर दोन तासांनी पुन्हा.

आणखी एक, हे हसण्यावारी नेऊ नकोस. एखादा तीळ किंवा डाग वाढायला लागला, वेडावाकडा झाला, त्यात दोन-तीन रंग दिसले किंवा रक्त आलं, तर मलम-बिलम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. तळपायावर आणि नखाखाली नवा काळा डाग दिसला तरी तेच.

बाबांना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझी,
शुभा

ता. क. टोपी तू "पाहुण्यांसमोर कशी घालू" म्हणून कपाटात ठेवशील, हे मला माहीत आहे. तेव्हा बाबांचा तो निळा जुना शर्ट बोहारणीला देऊ नकोस.