पंप धुतलेलं पाणी

बर्लिन, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप नाना आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. थंडी सुरू झालीय, सव्वाचारलाच दिवस मावळतो, पण खोली उबदार आहे आणि आईने दिलेले बिबडे अजून अर्धा डबा शिल्लक आहेत. काळजी करू नका.

रविवारी फोनवर नानांनी विचारलं, “तुझी ती पिवळी पूड आपल्या विहिरीत टाकली तर पाणी साफ होईल का?” मी “नाही” म्हटलं आणि तेवढ्यात फोन कटला. नंतर लागलाच नाही. तो एका शब्दाचा जबाब मला रात्रभर खात राहिला. चार वर्षांत माझ्या कामाबद्दल नाना पहिल्यांदा बोलले आणि जे विचारलं ते अगदी मुळाशी जाणारं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सगळं नीट लिहायला बसले. भाऊला वाचून दाखवायला सांगा, पण मधलं काही गाळू नको म्हणावं.

आधी पुडीचं सांगते. ती युरियाची आहे. सोसायटीतून ४५ किलोची गोणी आणता ना, तोच युरिया. इथला फक्त जास्त शुद्ध आणि निंबोळीचं तेल न लावलेला. चिनी मातीच्या छोट्या मुशीत दहा ग्रॅम युरिया घ्यायचा, वर झाकण ठेवायचं आणि भट्टीत मिनिटाला पाच अंशांनी चढवत ५५० अंशांपर्यंत न्यायचं. युरिया आधी वितळतो, मग त्यातून अमोनिया निघायला लागतो. पावसाळ्यात सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकात जी झिणझिणी बसते, तीच ही, पण कितीतरी जहाल. म्हणून भट्टीवर धूर ओढणारा पंखा लागतोच. भट्टी निवली की झाकण उचलायचं. तळाशी बेसनाहून फिकट, फुंकरीने उडेल अशी पूड असते. दहा ग्रॅमामागे अर्धा ग्रॅमही भरत नाही. नाना, तुमच्या हिशेबाने अख्ख्या गोणीची जेमतेम दोन किलो.

हिचं नाव कार्बन नायट्राइड. या जातीचे पदार्थ रसायनवाल्यांना १८३४ पासून माहीत होते, पण बराच काळ त्यांचा म्हणावा तसा उपयोग झाला नव्हता. २००९ मध्ये इथून जवळच्या पॉट्सडॅममधल्या संशोधकांनी चिनी आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातही ही पूड पाण्यातून हायड्रोजन काढू शकते. तेव्हापासून जगभर लोक तिच्यामागे लागलेत. मीही त्यांतलीच एक.

आणि हो, ही पूडसुद्धा पॉलिमरच. पॉलिमर म्हटलं की जळगावच्या माणसाला पाइप आणि ठिबकच्या नळ्या आठवतात, पण पॉलिमर म्हणजे एकच मणी हजारो वेळा ओवलेली माळ. आपला कापूस म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ, केळीच्या सोपटातला धागाही तीच माळ. ती माळ कुजते, मातीत जाते, पुढच्या वर्षी पुन्हा उगवते. पाइपची माळ तशी कुजत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि केळीकडे मी शेवटी येणारच आहे.

उजेड काय करतो ते आता. पुडीवर उजेड पडला की तिच्यातला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि त्याची जागा रिकामी राहते. उठलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. तो ऑक्सिजन मग खवळतो आणि समोर येईल त्या रेणूचा लचका तोडतो. रिकामी जागाही स्वस्थ बसत नाही, शेजारून जे मिळेल ते ओढते. एवढाच सगळा खेळ. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या दोघा जपान्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पाडून पाण्याचे दोन भाग केले, तिथून ही विद्या लोकांच्या नजरेत भरली. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. तो दणकट आहे, स्वस्त आहे, पण त्याला फक्त अतिनील उजेड लागतो आणि उन्हात तो शंभरात पाचेक वाटेच असतो. माझी पिवळी पूड निळा उजेडही वापरते. तिची धार थोडी कमी, पण उन्हातला वाटा जास्त.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मेथिलीन ब्लू नावाचा रंग असतो, निळीसारखा गडद. त्याच्या पाण्यात पूड टाकली, दिवा लावला, आणि चाळीस मिनिटांत पाणी नितळ. मी आनंदाने बाईंकडे, म्हणजे माझ्या गाईडकडे, बाटली घेऊन गेले. त्यांनी बाटलीकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, “दिवा न लावता करून पाहिलंस?” मी नव्हतं पाहिलं. परत आले, दुसऱ्या बाटलीला चांदीच्या कागदात गुंडाळलं, कपाटात ठेवलं. तासाने काढली तर तिचंही पाणी बरंच उतरलेलं, आणि तळाची पूड निळी झालेली! रंग मोडला नव्हता, बराचसा पुडीत मुरला होता. पांढरं धोतर निळीत बुडवलं की बादलीतलं पाणी फिकं होतं, तसं. तीन महिन्यांच्या नोंदी मी बाजूला काढल्या आणि पुन्हा सुरुवात केली. आता आधी अंधारात ठेवते, पुडीला पाहिजे तेवढं पिऊ देते, मगच दिवा लावते. शिवाय पाण्यातला कार्बनही मोजते. कारण रंग खरोखर मोडला तरी त्याचे तुकडे पाण्यातच असतात. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं आणि यंत्र सांगतं की निम्मा कार्बन अजून तसाच आहे. त्या दिवसापासून नितळ पाणी बघून माझा जीव शांत होत नाही.

आता मक्याकडे येते. तुमची रब्बीची पेरणी झाली असेल आणि तणाचं औषध मारून झालं असेल किंवा मारायचं असेल. त्या पुड्यावरचं नाव ॲट्राझिन. मी आठवीत होते तेव्हा आपण ते पहिल्यांदा आणलं. त्याआधी आई चार-चार दिवस मक्यात वाकून निंदायची आणि रात्री तिला पाठ टेकवत नसे. औषध आलं आणि ते थांबलं. म्हणून ते बंद करा असं मी इथे बसून सांगणार नाही. ते सांगायचा हक्क मला नाही.

पण मला आठवतं ते दुसरंच. फवारा मारून झाला की तुम्ही पाठीवरचा पंप विहिरीच्या थारोळ्यावर आणायचा, झाकण काढून पाणी भरायचा, खळखळवायचा आणि तिथेच ओतायचा. दुधासारखं पांढरं पाणी दगडावरून पसरायचं. थोडं पाटाने केळीकडे जायचं आणि थोडं थारोळ्याच्या कोपऱ्यातल्या भेगेतून खाली. भेगेत पाणी शिरताना बुडबुडे यायचे. मी आणि भाऊ ते मोजायचो. ती भेग थेट विहिरीच्या कडेला उतरते हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण विहिरीचं पाणी कधी पांढरं दिसलंच नाही.

इथे पिण्याच्या पाण्यात अशा एका औषधाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. हे तुमच्या मापात सांगते. एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. आपल्या विहिरीतलं पाणी किती ते मी तोंडी काढलं: आडवी वीस फूट, पाणी पंधरा फूट धरलं तर साधारण सव्वा लाख लिटर. म्हणजे एक ग्रॅम अशा पाऊणशे-ऐंशी विहिरींना पुरतो. आणि पंपाच्या तळाशी अर्धा लिटर फवारा उरला तर त्यात अर्धा ते एक ग्रॅम औषध असतं. हा हिशेब मी तीनदा केला, कारण मला तो खरा वाटेना.

जर्मनीने ॲट्राझिन १९९१ मध्ये बंद केलं. माझ्या जन्माच्या आधी. तरी ते इथल्या भूजलात अजून सापडतं. ते पाण्याबरोबर खाली जातं, आणि खाली ना उजेड ना ऊब, मोडणार कसं?

मग उजेडाने ते मोडतं का? मोडतं, पण एका ठिकाणी येऊन थांबतं. ॲट्राझिनच्या मधोमध एक षटकोनी कडं असतं, तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन, एकाआड एक. त्या कड्याला एक क्लोरीन आणि दोन शेपट्या. उजेडाने खवळलेला ऑक्सिजन शेपट्या कुरतडतो, क्लोरीनही जातो, आणि उरतं ते कडं. त्याला सायन्युरिक आम्ल म्हणतात. टायटॅनियमसुद्धा तिथे हात टेकतो, हे इटलीतल्या संशोधकांनी १९९० मध्येच दाखवलं. आणि नाना, नवल म्हणजे माझी पूड याच जातीच्या कड्यांची विणलेली आहे, तीन-तीन कडी एकमेकांना जोडून. कडं चिवट म्हणून माझी पूड उन्हात टिकते, आणि कडं चिवट म्हणूनच तुमचं औषध पूर्ण मोडत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी वहीत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढून कितीतरी वेळ बघत बसले होते.

त्यातल्या त्यात दिलासा असा की उरलेलं कडं मूळ औषधापेक्षा कितीतरी कमी विषारी असतं आणि मातीतले काही जिवाणू ते फोडून खातात. शेपट्या उजेडाने तोडायच्या आणि कडं मातीवर सोपवायचं, हा मार्ग मला पटतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विहिरीत पूड टाकून उपयोग नाही, कारण ऊन वरच्या थराखाली पोचत नाही. आपलं पाणी जड आहे, त्यातले क्षार त्या खवळलेल्या रेणूंना आधीच शांत करतात. आणि एवढी बारीक पूड परत काढायची कशी, तीच पिण्यात जाईल. सव्वा लाख लिटर धुवायला जाण्यापेक्षा तो अर्धा लिटर पकडावा. त्यासाठीच माझं सध्याचं काम आहे. केळीचा धागा कॉस्टिक सोडा आणि युरियाच्या पाण्यात शून्याखाली बारा अंशांवर घातला की विरघळतो. इथेही युरियाच! त्या घट्ट पाण्यात पूड कालवायची आणि थेंब थेंब आम्लात सोडायची. साबुदाण्यासारखे पिवळसर मणी बनतात, पूड आतच अडकून राहते. हे मणी उथळ परातीत पसरले, वर पंपाचं धुतलेलं पाणी ओतलं आणि परात वैशाखाच्या उन्हात ठेवली, तर काम व्हायला हवं. इथल्या निळ्या दिव्याखाली होतं. आपल्या उन्हात, आपल्या पाण्यात होतं का, हे करून बघायचंय. अडचण एकच राहिलीय. तो खवळलेला ऑक्सिजन औषधाबरोबर केळीच्या धाग्यालाही खातो, आणि काही आठवड्यांत मणी मऊ पडतात. त्यावर रोज झगडतेय.

म्हणून दोन कामं सांगते. पहिलं नानांना. परात तयार होईपर्यंत पंप विहिरीवर धुऊ नका. शेतातच तीनदा, दर वेळी थोडं थोडं पाणी घालून खळखळवा आणि ते पाणी त्याच मक्यात फवारून टाका. रिकामे पुडे बांधावर नकोत. सालदारालाही नीट समजावून सांगा, तो ऐकतो तुमचं.

दुसरं आईला. खालच्या मळ्यातली बाग कापली की घड जातात आणि खोडं बांधावर कुजत पडतात. त्यातली चार-पाच ठेव. बाहेरची काळी सोपटं काढून टाक, आतल्या सोपटांचा धागा काढ, सोड्याच्या पाण्यात उकळ, धू आणि सावलीत वाळव. अर्धा किलो पुरे. ओलं खोड किंवा माती लागलेलं काही इथे आणू देत नाहीत, तेव्हा चांगलं स्वच्छ असू दे. काय कागद लागतात ते मी भाऊला कळवते. मामाचा मुलगा डिसेंबरात येतोय, त्याच्या पिशवीत मावेल. दुकानातला शुद्ध सेल्युलोज इथे मिळतो, पण मला आपल्याच केळीचे मणी करून बघायचे आहेत.

मी आखाजीला येते. रजा टाकलीय. परात मीच आणीन, खळ्यात ठेवू. तोवर थारोळ्याच्या कोपऱ्यातली ती भेग सिमेंटने बुजवून घ्या, आणि बुजवली की फोनवर तेवढं आधी सांगा.

तुमची,
मनू